ज्याचा आठवडा त्याचा सायलेन्सर

संपत, तुझ्या गल्लीच्या तोंडाशी मी इंजिन बंद केलं.

दुसरं काही सुचलं नाही. सांगलीपासून साताऱ्यापर्यंत गाडी बोंबलत आली होती. कुपवाडच्या वर्कशॉपात करून घेतलेला माझा सायलेन्सर, ज्याला तू कायम पुंगळी म्हणायचास, तोच खाली होता. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती. एरवी मला त्याचं सुख वाटायचं. पण दारात तुला आडवं ठेवलेलं असताना असला आवाज घेऊन कोणत्या तोंडानं यायचं? उतरलो, एका हातानं स्टिअरिंग धरलं आणि गाडी ढकलायला लागलो. गल्लीतली चार माणसं काही न विचारता मागून लागली. इतकी वर्षं तू माझं डोकं खाल्लंस, गाडी दारात यावी आणि शेजाऱ्याला कळू नये. तशी ती त्या दिवशी आली.

वैनी जोत्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला बघितलं, गाडीकडं बघितलं आणि रडता रडता विचारलं, "अण्णा, आवाज कसा न्हाई आला?" खाली मान घालून उभा राहिलो. पुढं तुला न्यायची तयारी चालली होती, तेव्हा त्यांनी मला परत जवळ बोलावलं.

"सकाळी च्या पिऊन बसले हुते. बसल्या जागी कलले. डाक्टर म्हनला, हृदय. आवं, ह्येंनी घरात कुनालाच कवा छातीचं सांगितलं न्हाई. तुमास्नी काय बोलले हुते का?"

मी म्हणालो, "न्हाई वैनी."

एवढ्यासाठी मी हे लिहायला बसलोय. बाकीचं सगळं याच्या मागचं आणि पुढचं.

आपला कारभार लोकांना कधी कळलाच नाही. एक काळी अँबॅसिडर, मालक दोन, गावं दोन. तू पलटणीतून ट्रकवरचा ड्रायव्हर म्हणून सुटून आलास आणि साताऱ्यात टॅक्सी टाकायची म्हणालास. मी सांगलीत, माधवनगरच्या रस्त्याला राहणारा, वडिलांची हळदीची पेढी धाकट्या भावाच्या गळ्यात घालून गाडीच्या नादाला लागलेला. दोघांचं मिळून एका गाडीपुरतं जमलं. मग ठरलं, एक आठवडा गाडी साताऱ्याला तुझ्याकडं, एक आठवडा सांगलीला माझ्याकडं. सोमवारी कराडला स्टँडसमोरच्या हॉटेलात भेटायचं, चहा प्यायचा, ज्याचा आठवडा लागला त्यानं किल्ली घ्यायची आणि दुसऱ्यानं एस.टी. धरायची. आमची ही म्हणायची, नवरा-बायकोसुद्धा एवढं ठरवून भेटत नाहीत.

भानगड सायलेन्सरनं झाली. ऊसगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत आपटून आपटून गाडीचा मूळचा सायलेन्सर फाटला. तू म्हणालास, कंपनीचाच आणायचा. तो पुण्याला मिळायचा आणि तिथंही नंबर लावावा लागायचा. मी म्हणालो, कशाला ते खूळ, कुपवाडला गुलाब मिस्त्री हवा तसा करून देतो. त्यानं दिला. आतले पडदे कमी ठेवले, धूर मोकळा सुटावा, गाडीला ओढ यावी म्हणून. चालू केली तेव्हा समोरच्या कारखान्यातली माणसं काय झालं म्हणून बाहेर आली. तुला कधी बोललो नाही, पण मला काय वाटलं सांगू? आमच्या घरात मोठ्यानं बोलायची पद्धत नाही. जैन बस्तीत देवापुढं हळू, पेढीवर हळू, जेवताना तर शब्द नाही. मी कधी शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढं बोललो नव्हतो. आणि आता गाडी विश्रामबागेत शिरली की पार पलीकडच्या टोकाला कळायचं, अण्णा आला. मला ते लय आवडलं. ओढबिढ सगळं नंतरचं.

तुला एका दिवसात ते असह्य झालं. रजा काढून गेल्यासारखा पुण्याला जाऊन बसलास, कंपनीचा सायलेन्सर घेऊनच उठलास. सोमवारी कराडला आलास तेव्हा गाडी मांजरासारखी आली आणि माझी पुंगळी डिकीत.

"तुझी वस्तू तुला," तू म्हणालास. "माझ्या आठवड्यात माझी."

मी सांगलीला येऊन परत माझी चढवली. तिथून नियम पडला, ज्याचा आठवडा त्याचा सायलेन्सर. एक गाडीखाली, दुसरा डिकीत. पोतं अंथरून उताणं झोपायचं, गंजलेले बोल्ट पान्यानं झुंजून सोडवायचे, डोळ्यांत माती घ्यायची. शहाणा माणूस असलं करणार नाही. आपण वर्षानुवर्षं केलं. एकदाही दोघांपैकी कुणी म्हणालं नाही की बाबा, एकाचं ऐकू आणि मोकळं होऊ.

आणि भांडायचो तरी कसे. "गाडी म्हंजी काय वरातीतला ताशा न्हवं, गड्या." हे तुझं ठरलेलं. ऊसगाड्यांचे बैल बुजतात म्हणालास, ते मी मानलं, कारण आष्ट्याजवळ एकदा खरंच बुजले होते. आणीबाणीत जरा आवाज झाला की पोलीस हात दाखवायचे, तेव्हाही तुझी बाजू वर होती. पण तू तेवढ्यावर थांबणारा थोडाच. तुझ्या म्हणण्यानं माझ्या पुंगळीनं तुमच्या गल्लीतली म्हैस आटली. शेजारच्या मास्तरांचं ब्लडप्रेशर वाढलं. वैनींचं दही लागेना. मीसुद्धा कमी नव्हतो. कंपनीच्या सायलेन्सरनं इंजिनाचा जीव घुसमटतो, ते लवकर म्हातारं होतं, पेट्रोल जास्त पितं, असं मी कुणालाही धरून सांगायचो. पेट्रोल भडकलं तेव्हा तर मला बळच आलं. शेवटी पैज लागली. कराड ते इस्लामपूर, जाताना तुझा, येताना माझा, पेट्रोल मापून. येताना वारा समोरून होता, म्हणून मी म्हणालो, हे धरायचं नाही. तू म्हणालास, जाताना तू वाटेत दोन म्हाताऱ्या बसवून घेतल्यास, ते कोण धरणार? दोघंही जिंकून घरी गेलो.

हे सगळं उगाळतोय ते एवढ्याचसाठी की तुझ्या असल्या मुद्द्यांची मला सवय झाली होती. म्हैस, मास्तर, दही. तू काही बोललास की मी आधी हसायचो आणि मग ऐकायचो.

तू खोटा माणूस नव्हतास, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? आमच्यात दिवस बुडाला की खाणं बंद. दोघं मिळून लांबच्या भाड्यावर असलो की तू अर्धा डोळा रस्त्यावर आणि अर्धा सूर्यावर ठेवून चालवायचास. "आन्ना, दीस कलला. आधी खाऊन घे, मग पुढं." मागचं गिऱ्हाईक कुरकुरलं तर त्याला सांगायचास, ह्येचं पोट भरलं न्हाई तर हा मला रस्ता चुकीचा सांगतो. स्वतः मटणाशिवाय रविवार न सोडणारा तू, माझ्याबरोबर असलास की हॉटेलात कांदासुद्धा मागत नव्हतास. मी कधी तसं म्हणालो नव्हतो. तुझ्याबरोबरच्या प्रवासात मी उपाशी झोपलो असं झालं नाही.

आणि माझी पुंगळी, जिला तू एवढ्या शिव्या द्यायचास, ती तू पलटणीतल्या जुन्या कांबळ्यात गुंडाळून डिकीत ठेवायचास. मी तुझा कंपनीचा तसाच उघडा फेकायचो, सांगली ते कराड तो डिकीत आदळत यायचा. तू एकदा फक्त म्हणालास, "चेपला म्हंजी वाजंल रं, मग तुलाच आवडंल." मी हसलो. पण पुढंही त्याला कांबळं काही घातलं नाही.

शेवटच्या सोमवारी तू कराडला आधीच येऊन बसला होतास. चेहरा उतरलेला. मला वाटलं, रस्त्यानं धूळ खाल्ली असेल. तुझा आठवडा संपला होता, माझा लागत होता. चहा आला, तू घोटभर प्यालास आणि कप बाजूला सारलास.

"आन्ना, ह्या बारीला तुझा चढवू नगं. ह्योच ऱ्हाऊ दे."

"का रं?"

तू सदऱ्याच्या खिशावर हात ठेवलास. त्या खिशात तुझ्या बिड्या असायच्या, म्हणून मला वाटलं बिडी काढतोयस.

"हितं कसंतरी व्हतंय. आवाज सोसंना झालाय. एकदा मिरजंला दाखवून यावं म्हंतो. गाडी तुझ्याकडंच हाय, तर तूच न्हे. पर आवाज नगं बग."

संपत, मी हसलो. "म्हैस झाली, मास्तर झाले, आता छाती व्हय? हरलो म्हन की सरळ." गल्ल्यावरचा मालकसुद्धा हसला, त्याला आपली सगळी कथा तोंडपाठ. मग तर मला चेवच आला. "न्हेतो की मिरजंला, पुंगळीवरच न्हेतो. डाक्टरला लांबनंच कळंल, पेशंट निघाला म्हनून."

तू हसला नाहीस. रागावलासही नाहीस, रागावला असतास तर मला कळलं असतं. "बरं," म्हणालास आणि उठलास. किल्ली दर वेळी तू माझ्या तळहातावर आपटायचास, त्या दिवशी टेबलावर ठेवलीस. स्टँडच्या दिशेनं जाताना मधेच एकदा थांबलास. मला वाटलं, वळून शिवी हासडणार. तू नुसता उभा होतास, आणि मग गेलास. आता मला कळतं, तू दम घेत होतास.

त्याच दिवशी कुपवाडला जाऊन मी पुंगळी चढवली. गुलाबला तुझी गंमत म्हणून सांगितली, दोघं हसलो. त्या आठवड्यात एकदोनदा मनात आलं होतं, तुमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन लावावा, मिरजेला कधी जायचं विचारावं. मग वाटलं, पहिला मी का म्हणून वाकू. रुसलाय तर रुसू दे. सोमवार कुठं पळून चाललाय.

त्याच दुकानातनं शनिवारी मला फोन आला.

निघताना डिकी उघडली. तुझा सायलेन्सर पडला होता तिथं. बदलत बसलो असतो तर तुझं तोंड दिसलं नसतं. तसाच निघालो.

दहाव्याला आलो तो मात्र तुझाच बसवून. आमची ही म्हणाली, "आपल्यात पिंड न्हाई, कावळा न्हाई. तुमी तिथं जाऊन करनार तरी काय?" मी म्हणालो, माझं काम आहे. काम काय होतं ते तिला सांगायची लाज वाटली. तुमच्यात पिंडाला कावळा शिवला नाही की जवळची माणसं पुढं होतात, गेलेल्याचं जे राहिलं असेल ते करतो म्हणून शब्द देतात, आणि मग कावळा शिवतो. भाड्यावर घाटाशी थांबून मी हे कितीदा बघितलंय. माझी खात्री होती, तुझा कावळा सायलेन्सरवर अडून बसणार. सांगलीपासून मी वाक्य घोकत आलो. 'संपत, आजपासून गाडीला कायमचा तुझाच. पुंगळी मोडीत घालतो.' चारचौघांत, मोठ्यानं बोलायचं ठरवलं होतं. लोक हसले तर हसू देत. माझ्यासारख्यानं एवढी हार मानली म्हटल्यावर तुझा आत्मा शांत होणार, असा माझा हिशोब.

माहुलीला संगमावर तुझ्या वसंतानं पिंड ठेवला. पोरगा पलटणीतून रजेवर आलेला, डोकं भादरलेलं, तुझ्यासारखेच पाय फाकवून उभा. सगळे मागं सरायला लागले. तुझे थोरले भाऊ, तात्या, म्हणाले, "कुनाचं काय राह्यलं आसंल तर तयारीत ऱ्हावा." मला वाटलं माझ्याकडं बघूनच म्हणाले. मी घसा खाकरला.

आणि कावळा आला. माणसं अजून मागं होतायत तोवर आला. झाडावरनं सरळ खाली उतरला, इकडंतिकडंसुद्धा बघितलं नाही आणि पिंडाला चोच लावली.

"सुटला," तात्या म्हणाले. "कशात म्हनून जीव आडकला न्हाई त्येचा."

लोकांनी हात जोडले. बायका म्हणायला लागल्या, समाधानी माणूस हो, समाधानानं गेला. धोतरं झटकून जो तो उठला. मी तिथंच, पाठ केलेलं वाक्य तोंडात धरून.

मला तुझा राग आला, संपत. मनापासून आला. जन्मभर माझ्याशी वाद घालणारा तू, आणि ऐन वेळेला काहीच मागितलं नाहीस. माणूस काही मागत नाही तेव्हा एक तर त्याला सगळं मिळालेलं असतं, नाहीतर समोरचा देणार नाही हे त्याला कळून चुकलेलं असतं. यातलं तुझं कुठलं, ते मला विचारायची सोय राहिली नाही. घाटावर उभा राहून मी तुला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या. मग लक्षात आलं की माझी लबाडी तुझ्या कावळ्यानं होऊ दिली नाही. मी स्वस्तात सुटायला आलो होतो. सायलेन्सर कबूल करायचा, छातीचं झाकायचं. ते वाक्य बोलायला मिळालं असतं तर मी घरी जाऊन गाढ झोपलो असतो आणि वैनींना सांगितलेलं "न्हाई" तसंच राहिलं असतं.

वैनी पायरीवर बसून पाय धूत होत्या. शेजारी बसायचं धाडस झालं नाही, एक पायरी खाली उभा राहिलो.

"वैनी, त्या दिशी मी खोटं बोललो. मला सांगितलं हुतं त्येनं छातीचं. मिरजंला न्हे म्हनला हुता. मला वाटलं सायलेन्सरपायी बोलतोय. मी चेष्टा केली त्येची."

त्या ओरडतील, तात्यांना हाक मारतील, दगड उचलतील, सगळ्याची मी तयारी केली होती. त्यांनी पाय धुवायचे थांबवले. पाण्याकडं बघत राहिल्या.

"तुमास्नी सांगितलं," म्हणाल्या.

"व्हय."

"आनि मला न्हाई." पायावर परत पाणी घेतलं. "येवढा संसार केला. मी न्हेलं नसतं व्हय दवाखान्यात? चालत न्हेलं आसतं."

मग पदरानं पाय पुसले, उठल्या. "जेवल्याबिगर जाऊ नगा," म्हणाल्या आणि बायकांत गेल्या. मी जेवलो. पंगतीत वसंता मला आग्रह करून वाढत होता. त्याला अजून ठाऊक नव्हतं. आता असेल.

मलाच का सांगितलंस आणि त्यांना का नाही, याचं उत्तर मी वैनींना दिलं नाही. पण ते मला येतं, म्हणून तुला सांगतो, चुकलं तर तू सांग. घरात बोललं की ते दुखणं होतं, औषधपाणी, रडारड, नवस सुरू होतात. माझ्याशी बोललं की ती गाडीची गोष्ट राहते. आपण दोघं एकमेकांशी सगळं गाडीच्या आडूनच बोललो. तुझी पोरगी नांदायला गेली त्या आठवड्यात तू माझ्याशी नुसता क्लचबद्दल बोलत होतास. माझे वडील गेले तेव्हा मी कराडला तुझ्यापुढं तासभर टायरचं रडगाणं गायलो आणि तू मधे न बोलता ऐकलंस, वर दुसरा चहा सांगितलास. तुला माझं कळलं होतं. मला तुझं कळायला पाहिजे होतं. त्या सोमवारी तू माझ्यापुढं खरं दुखणं ठेवलंस आणि मी ते वादात जमा केलं.

गाडी तुमच्याकडंच ठेवा म्हणून वैनींनी मला निरोप धाडलाय. वसंता पलटणीत, साताऱ्यात चालवणार कोण? म्हणजे यापुढं सगळे आठवडे माझेच. गुलाब म्हणतो, कुठला तरी एक पक्का वेल्ड करून टाकतो, आता सारखी काढघाल कशाला. मी त्याला अजून हो म्हणालो नाही. माझा चढवायला हात उठत नाही. तुझा कायमचा ठेवावा म्हटलं तर तू म्हणशील, मेल्यावर ऐकलंस व्हय. तुला जिवंतपणी जिंकायचं होतं. फुकट दिलेली जीत तू घेतली नसतीस.

सायलेन्सरचं मला अजूनही पटलेलं नाही, खोटं कशाला बोलू. छातीचं तू खरं सांगत होतास.